दोन डबे आणि छत्तीस ग्रॅम

काटाताई पहिल्या दिवशी वर्गात शिरल्या तेव्हा सगळा वर्ग उभा राहिला. आम्हाला वाटलं, नव्या बाई आल्या. त्यांनी दारातूनच हात हलवला, "बसा रे, मी पण तुमच्यातलीच," म्हणाल्या आणि सरळ मागच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन टेकल्या. तो बाक मी मुद्दाम निवडला होता, प्रश्न विचारणाऱ्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. आता अडतीस वर्षांची, कडक इस्त्रीतली बाई शेजारी बसल्यावर मी कसली लपते! वर्षभर हेच झालं. मला जिथे म्हणून दडायचं असायचं तिथे काटाताई येऊन बसायच्या.

मी भित्री होते. आजही आहे, पण तेव्हा त्याला काही धरबंधच नव्हता. हजेरी घेताना माझा नंबर जवळ आला की मी मनात 'हजर' म्हणायचा सराव करायला लागायचे. वर्गाने माझं नाव भागूबाई ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल होतं की तक्रार करायचीही सोय नव्हती.

काटाताई हे नाव ठेवलं रेडिओनं. रेडिओ म्हणजे आमच्या वर्गातली एक अखंड बोलणारी मुलगी. ताई गोंदाच्या एका कारखान्यात अठरा वर्षं वजनकाट्यावर कामाला होत्या. दोन डब्यांत मिळतो ना, तो गोंद. एका डब्यात पांढरी राळ, दुसऱ्यात तिला घट्ट करणारं पिवळं द्रव. दोन्ही सारख्या वजनाने मिसळायची, की तासाभरात दगड. त्यामुळे त्यांच्या तोंडी सतत काटा. "माझ्या काट्यावर असं चालत नाही." "माणसाला काय विचारता, काट्याला विचारा." पाळी संपताना आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा मेळ ग्रॅमपर्यंत लागल्याशिवाय आपण मुकादमालाही घरी सोडत नाही, असं त्या सांगायच्या. आम्हाला ते अगदी खरं वाटायचं.

शिकायला त्या हौसेने आल्या नव्हत्या. पिवळ्या द्रवाची वाफ अठरा वर्षं छातीत जाऊन बसली होती. दोन मजले चढल्या की त्यांच्या श्वासाला शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा, आणि तो आवाज ऐकला की मला उगीचच माझाच श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी त्यांना सरळ सांगितलं होतं, ती जागा सोडा, नाहीतर दोन-तीन वर्षांत अंथरूण धराल. कारखान्यात एक तपासणीची खोली होती, काचेमागची, स्वच्छ हवेची. तिथल्या बाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. पण त्या खुर्चीवर बसायला विज्ञानाचं पहिलं वर्ष पास झालेलं माणूस लागायचं. मालक म्हणाले, जूनपर्यंत जागा धरून ठेवतो, पुढे नाही. ताईंच्या घरी नवरा आणि आठवीतली मुलगी. ती मुलगी रोज संध्याकाळी आईची प्रश्नोत्तरं घ्यायची आणि चुकलं की रागवायचीसुद्धा.

कॉलेज सकाळचं. अकराला सुटायचं आणि ताईंची पाळी साडेबाराला लागायची. मधला वेळ आम्ही चौघं मागच्या जिन्याच्या वळणावर बसायचो. ताई, रेडिओ, मी आणि लंबू. लंबूला गणित यायचं, पण ते कसं आलं हे त्याला स्वतःलाच सांगता यायचं नाही. रेडिओला मूलद्रव्यांचा तक्ता तोंडपाठ होता, कारण तिने त्याला चाल लावली होती. माझं अक्षर चांगलं म्हणून मी वही लिहायची. आणि समजावून सांगायच्या काटाताई.

त्यांचं समजावणं काही औरच होतं. रसायनातला मोल म्हणजे काय, हे रेडिओच्या डोक्यात तीन आठवडे शिरत नव्हतं. ताईंनी विचारलं, "तू स्क्रू विकत घेतलेस कधी?"

"घेतलेत की."

"दुकानदार मोजत बसतो का एकेक? वजन करून देतो. त्याला ठाऊक असतं, बारक्या स्क्रूंचं एक पाकीट इतक्या वजनाचं, जाड्या स्क्रूंचं तितक्या वजनाचं. वजनं वेगळी, पण दोन्ही पाकिटांत नग सारखेच. मोल म्हणजे पाकीट. बास."

रेडिओ चक्क मिनिटभर गप्प बसली. लंबू म्हणाला, "ताई, तुम्हीच का नाही शिकवत वर्गात?" ताई लाजल्या. त्या लाजल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं.

आणि मग ते गणित आलं, ज्यात दोन पदार्थ एकमेकांशी मिसळतात आणि त्यांतला एक आधी संपतो. कोणता संपतो ते शोधायचं आणि त्यावरून किती माल तयार होईल ते काढायचं. पुस्तकातलं पान आम्ही चारदा वाचलं. चारही वेळा लंबूने डोकं खाजवलं.

"अरे, यात काय एवढं?" ताई म्हणाल्या. "हे तर माझं रोजचं काम. दोन डबे समोर ठेवा. वजनाला जो कमी, तो डबा आधी रिकामा होतो. उरलेला दुसरा बाजूला ठेवायचा. रिकाम्या डब्यावरून हिशेब करायचा."

आम्ही दोन उदाहरणं करून पाहिली. एक नायट्रोजन आणि हायड्रोजनचं, एक चुनखडी आणि आम्लाचं. दोन्हींची उत्तरं पुस्तकाच्या मागच्या पानाशी जुळली. निव्वळ नशिबाने जुळली, पण ते आम्हाला कुठे माहीत! मी माझ्या सुरेख अक्षरात वहीत लिहिलं, 'अमुक डबा आधी रिकामा होतो', खाली दोन रेघा मारल्या, आणि तिघांनी ते उतरवून घेतलं.

सहामाहीचा पेपर मंगळवारी होता. चार ग्रॅम हायड्रोजन, सोळा ग्रॅम ऑक्सिजन, पाणी किती तयार होईल? दहा मार्कांना. मला इतका आनंद झाला की बाकीचे प्रश्न सोडून मी आधी हाच लिहायला घेतला. हायड्रोजनचा डबा आधी रिकामा होतो. पाणी छत्तीस ग्रॅम. बाहेर आल्यावर चौघांचं उत्तर जुळलं. ताईंनी पाळीवर जाण्याआधी आम्हाला चहा पाजला.

मला कुठलंच सुख पचत नाही. दुपारी ग्रंथालयात जाऊन मी दुसरं एक जाड पुस्तक काढलं, उगीच खात्री करायला. त्यात नेमकं तेच उदाहरण होतं आणि उत्तर होतं अठरा. मी ते तीनदा वाचलं. नुसतं वजन पाहून चालत नाही. आधी वजनावरून पाकिटं मोजायची, मग समीकरणाला कशाची किती पाकिटं लागतात ते पाहायचं. ऑक्सिजन वजनाला जड असूनही तोच आधी संपत होता. दोन ग्रॅम हायड्रोजन शिल्लक राहत होता. ताईंच्या गोंदात दोन्ही डबे सारख्या वजनाने लागायचे, म्हणून त्यांचा नियम तिथे अठरा वर्षं चालला. दुसरीकडे तो चालणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर मी हे सांगायला हवं होतं. ताई खुशीत होत्या. मुलीने शाबासकी दिली म्हणाल्या. मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचा चेहरा पडलेला मला बघवणार नव्हता, आणि तो माझ्यामुळे पडावा ही कल्पनाच सहन होत नव्हती. उद्या सांगू, असं करत मी बुधवार घालवला, गुरुवार घालवला, शुक्रवारही घालवला.

शनिवारी फलकावर कागद लागला. लाल शाईत चार नंबर. आमचे. 'परीक्षेत गैरप्रकार केल्याच्या संशयावरून सोमवारी सकाळी अकरा वाजता प्राचार्यांच्या कार्यालयात हजर राहावे.' रेडिओला कार्यालयातल्या कारकुनाकडून आतली बातमी कळली. चौघांच्या पेपरात एकच चूक होती, आणि नुसती चूकच नव्हे, शब्दसुद्धा तेच. जगातल्या कुठल्याही रसायनशास्त्राच्या पुस्तकात न सापडणारा 'डबा' चार पेपरांत रिकामा झाला होता. कॉपी सिद्ध झाली तर दोन वर्षं परीक्षेला बसता येणार नव्हतं.

घरी मी काहीच सांगितलं नाही. बाबांनी नुसतं "पेपर कसा गेला?" विचारलं तर हातातला पेला खाली पडला. पण खरं सांगायचं तर माझी भीती नेहमीचीच होती, तिची मला सवय होती. मला हादरवलं ते काटाताईंनी. फलकापुढे त्या उभ्या होत्या आणि बोटांवर मोजत होत्या. जूनपर्यंत किती महिने, ते. एकदा मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून. ही बाई कुणाला घाबरत नाही असं मी धरून चालले होते. त्यांच्या श्वासाची शिट्टी त्या दिवशी जिना न चढताच वाजत होती.

सोमवारी प्राचार्यांच्या दाराबाहेरच्या लांब बाकावर आम्ही ओळीने बसलो. शिपायाने आधी लंबूला नेलं. मग रेडिओला. आत गेलेलं माणूस दुसऱ्या दाराने बाहेर काढत होते, त्यामुळे आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. बाकावर मी आणि ताई उरलो. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता, पिवळ्या द्रवाने उठलेल्या चट्ट्यांमुळे खरखरीत लागत होता. आत्ता सांगावं, असं मला वाटलं. तेवढ्यात माझा नंबर पुकारला.

आत प्राचार्य, कोपऱ्यात लिहून घेणारा कारकून आणि रसायनाच्या विभागप्रमुख बाई. या बाई फार कमी बोलायच्या, आणि म्हणूनच मी त्यांना सगळ्यांत जास्त घाबरायचे. फळ्यावर एक उदाहरण लिहिलेलं होतं. बारा ग्रॅम कार्बन, सोळा ग्रॅम ऑक्सिजन, फक्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो, किती? "सोडव," बाई म्हणाल्या आणि माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही हे खरंच असं शिकलो होतो की एकमेकांचं पाहून लिहिलं होतं, हे त्यांना बघायचं होतं. लंबू आणि रेडिओ आत चुकले असणार, आणि चुकले तर सुटले असणार. मी बरोबर सोडवलं तर मी ठरणार लबाड. जिला हे येतं तिने पेपरात तीच चूक केलीच कशी? म्हणजे मला चुकायला हवं होतं. सोपं होतं. डबा, रिकामा, चव्वेचाळीस ग्रॅम, संपलं.

मी खडू टेकवला आणि बरोबर उत्तर लिहिलं. बावीस ग्रॅम. कार्बन सहा ग्रॅम शिल्लक. याला कुणी सचोटी म्हणू नये. बाई पाठीशी उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मुद्दाम खोटं लिहायला जी छाती लागते ती माझ्याकडे नव्हती, एवढंच.

"हे तुला येतंय," बाई म्हणाल्या. "मग मंगळवारी का नाही आलं?"

"काटाताईंनी तसं शिकवलं होतं," मी म्हणाले. एका क्षणात. त्यांनी नीट विचारलंही नव्हतं अजून. लंबू आणि रेडिओने 'आम्ही मिळून अभ्यास करतो' यापलीकडे शब्द काढला नव्हता, हे मला नंतर कळलं. नाव घेतलं ते मी.

प्राचार्यांनी विचारलं, "कोण काटाताई?" मी खडू दाराकडे केला. आणि मग मला रडू फुटलं आणि रडता रडता मी सगळं ओकले. जिना, डबे, माझी वही, ग्रंथालयातलं पुस्तक.

"म्हणजे मंगळवारी दुपारीच तुला कळलं होतं," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांना सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"भीती वाटली."

"कशाची?"

बाईंनी मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं, फळा पुसला, तेच उदाहरण पुन्हा लिहिलं आणि शिपायाला म्हणाल्या, "त्यांना बोलवा. आणि तू," माझ्याकडे वळून, "एक शब्द बोलायचा नाही."

काटाताई आत आल्या. मला पाहून त्यांना जरा धीर आल्यासारखा वाटला, आणि त्यामुळेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी उदाहरण वाचलं. मी खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या होत्या. चुका, ताई, मी मनात म्हणत होते, देवा, यांना चुकू दे. एखाद्या माणसाने चुकावं म्हणून मी इतक्या कळकळीने कधी काही मागितलं नव्हतं. त्यांनी मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'कार्बनचा डबा आधी रिकामा होतो.' आणि खाली, चव्वेचाळीस ग्रॅम. खडू ठेवून त्या ताठ उभ्या राहिल्या.

बाईंनी फळ्यावरचं वाचलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही काट्यावर काम करता ना?"

"हो, अठरा वर्षं."

"काट्यावर आत किती ठेवलंत?"

"बारा आणि सोळा. अठ्ठावीस."

"आणि बाहेर किती आलं?"

"चव्वेचाळीस," ताई म्हणाल्या. मग पुन्हा एकदा म्हणाल्या, "चव्वेचाळीस." आणि थांबल्या. त्यांनी फळ्यावर हात टेकला. "अठ्ठावीस घालून चव्वेचाळीस कसे येतील?" त्या स्वतःशीच बोलत होत्या. "आणि पेपरातलं? वीस घातले होते मी. छत्तीस आले म्हणून लिहून आले." जी गोष्ट त्यांनी कारखान्यात एक दिवसही चालू दिली नसती ती कागदावर त्यांच्या हातून झाली होती, कारण कागदावरचे ग्रॅमही काट्यावरच्यासारखे जुळवून बघायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. "मी हे पोरांना शिकवलं," त्या म्हणाल्या. "साहेब, पोरांना काही करू नका. चूक माझी आहे."

बाई प्राचार्यांकडे वळल्या. "ही कॉपी नाही. माझ्यासमोर एकट्याने उभं राहून तिघं तेच चुकले. हे शिकलेलं आहे. चुकीचं शिकलेलं आहे, पण शिकलेलं आहे. आणि ही चौथी खोटं बोलेल असं मला वाटत नाही. तिला ते जमणारच नाही." प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्या प्रश्नाला चौघांनाही शून्य, प्रकरण बंद. कारकुनाने लिहून घेतलं.

पुढचं इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. वार्षिक परीक्षेत ताई रसायनात बेचाळीस मार्कांनी पास झाल्या. पासाला चाळीस लागायचे. जूनमध्ये त्या काचेमागच्या खोलीत बसायला लागल्या. छातीतली शिट्टी कधी पूर्ण गेली नाही, पण वाढलीही नाही. मुलीच्या लग्नात त्या स्वतःच्या पायांनी तीन मजले चढल्या. पण त्या सोमवारी यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्या सोमवारी आम्ही दोघी मागच्या जिन्याच्या वळणावर येऊन बसलो. लंबू आणि रेडिओ खाली सुटकेच्या आनंदात आरडाओरडा करत होते. ताईंना दम लागला होता. श्वास जागेवर यायला बराच वेळ गेला, आणि तेवढा वेळ मी पायरीवरचे खडूचे डाग बघत होते.

"तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मी आत आले तेव्हा तू रडलेली होतीस. आणि चुकले ते तिघंच, म्हणाल्या बाई."

"हो."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून. पेपर झाला त्या दुपारपासून."

त्यांनी बोटांवर मोजलं. "सहा दिवस."

मग मला माझा बचाव सुचला आणि मी तो घाईघाईने पुढे केला. "पण ताई, मी सांगितलं असतं तर तुम्ही आत बरोबर सोडवलं असतं. मग त्यांनी तुम्हाला सोडलंच नसतं. मी गप्प बसले म्हणून तर तुम्ही..."

"खरंय ते," ताई म्हणाल्या. विचार करून म्हणाल्या, टोमणा नव्हता त्यात. "पण तू त्यासाठी गप्प बसली नव्हतीस."

मी मान खाली घातली. "नाही."

"मग?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

त्या हसायला गेल्या आणि खोकल्याची उबळ आली. उबळ थांबल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. "अगं भागूबाई, वाईट वाटून मी नाही मरायची. मी कशाने मरणार आहे ते डॉक्टरांनी सांगितलंय मला. आणि त्यातून सुटायला माझ्याकडे हे एकच वर्ष आहे. त्यातले सहा दिवस तू मला चुकीचं पाठ करू दिलंस."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. रागावणाऱ्या माणसासमोर कसं बसायचं ते मला येत होतं. हे ऐकून मला पहिल्यांदाच माझ्या भित्रेपणाची शरम वाटली. तोवर मी त्याला स्वभाव म्हणत आले होते.

घड्याळात पावणेबारा झाले होते. पाळीला अजून वेळ होता. ताईंनी माझी वही माझ्याच मांडीवरून उचलली, दोन रेघा मारलेलं ते पान काढलं, पेनाने त्यावर आडवी काट मारली आणि कोरं पान उघडून माझ्यापुढे धरलं.

"शिकव," त्या म्हणाल्या.

मी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. मी पेन घेतलं, चार ग्रॅम हायड्रोजन लिहिलं, सोळा ग्रॅम ऑक्सिजन लिहिलं, आणि आधी वजनावरून पाकिटं मोजायची असतात हे सांगायला लागले. आवाज इतका कापत होता की माझा मलाच नीट ऐकू येईना.

"मोठ्याने बोल," काटाताई म्हणाल्या आणि माझ्याकडे सरकून बसल्या.